कंपवात आणि आयुर्वेदाची जोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपवाताचे (पार्किन्सनच्या आजाराचे) रुग्ण तपासायला येतात तेव्हा त्यांच्या घरच्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा दोन प्रकारची औषधे असतात. एक न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी, लिहून दिलेली आणि दुसरी कुणीतरी सुचवलेली. पहिल्या औषधांची चिठ्ठी असते, दुसऱ्यांची नसते, आणि न्यूरॉलॉजिस्टना त्यांचा पत्ताही नसतो. मी वैद्य आहे, आयुर्वेदावर माझी निष्ठा आहे आणि या आजारात आयुर्वेदाला करण्यासारखे पुष्कळ आहे असे मी मानते. म्हणूनच ही जोड कुठे द्यावी, कशी द्यावी आणि कुठे मुळीच देऊ नये, हे नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या आधारे येथे मांडते आहे.

ग्रंथांतला कंपवात आणि पार्किन्सनचा आजार एकच आहेत का?

जवळचे आहेत, पण तंतोतंत एक नाहीत. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत वेपथु म्हणजे कंप मोजलेला आहे, चिकित्सास्थानाचा अठ्ठाविसावा अध्याय संपूर्ण वातव्याधींना दिलेला आहे आणि माधवनिदानातही वेपथुचे लक्षण सांगितलेले आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून १८१७ मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात मात्र कंपाबरोबर हालचालींचा मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि पुढे तोल जाणे हेही येते, आणि काही रुग्णांचे हात तर कधीच थरथरत नाहीत. उलट थायरॉइडच्या बिघाडाने, काही औषधांमुळे किंवा घराण्यात चालत आलेल्या साध्या कंपानेही हात थरथरतात आणि त्यांपैकी काहीही पार्किन्सन नसते. त्यामुळे निदान न्यूरॉलॉजिस्टकडूनच करून घ्यावे. नाडी पाहून पार्किन्सनचे पक्के निदान करता येते असा दावा मी करत नाही आणि कुणी केला तर त्यावर विसंबू नये.

आयुर्वेदाने हा आजार बरा होतो का?

नाही. हालचाली सुरळीत ठेवणारे डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी हळूहळू कमी होत जाण्याने हा आजार होतो आणि ही झीज भरून काढणारे औषध आज कोणत्याही शास्त्राकडे नाही. मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'मुळापासून बरा करू' असे छापणाऱ्यांपासून दूर राहणे शहाणपणाचे. कोठा साफ राहणे, झोप लागणे, अंग मोकळे वाटणे, भूक लागणे, वजन टिकणे, या गोष्टींसाठी मात्र आयुर्वेदाची मदत होऊ शकते आणि या आजारात त्या किरकोळ नाहीत.

खाजकुहिलीच्या बियांत पार्किन्सनच्या गोळीतलेच औषध असते म्हणतात. मग गोळी बंद करून चूर्ण का घेऊ नये?

सर्वांत जास्त विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि त्यात अर्धे सत्य असल्यामुळे तो सविस्तर उत्तराला पात्र आहे.

खाजकुहिली, म्हणजे ग्रंथांतली कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता, आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणारा वेल आहे. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की खाज सुटते हे कोकणातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तिच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्यापासून डोपामिन होते ते पार्किन्सनच्या गोळीतले मुख्य औषध, असते आणि ते भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच वेगळे काढून दाखवले होते. लेव्होडोपा पार्किन्सनवर चालते हे जगाला पटायला त्यानंतर तीस वर्षे लागली. आपल्या वैद्यांनी कंपात ही बी वापरली होती याचा मला अभिमान वाटतो.

परंतु याचाच दुसरा अर्थ असा की खाजकुहिली ही 'साधी वनस्पती' राहत नाही. ती औषधच आहे, आणि तेही तेच औषध. लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत दिसू लागला, तर गोळीला ६९ मिनिटे लागली, आणि चूर्णाचा परिणाम टिकलाही जास्त वेळ. हा अभ्यास लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास मात्र कुणी पाठवत नाही. त्यात चौदा जणांना गोळीऐवजी काही आठवडे नुसते चूर्ण दिले गेले आणि त्यांपैकी सात जणांना ते मध्येच सोडावे लागले, कुणाला पोटाच्या त्रासामुळे तर कुणाच्या हालचाली बिघडत गेल्यामुळे. ज्यांना सोसले त्यांना गुण गोळीइतकाच आला.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते. लेव्होडोपाचे मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच शरीरात डोपामिन होऊ नये, हे काम कार्बिडोपा करते. नुसत्या चूर्णात हा पहारेकरी नसतो, म्हणून मात्रा पुष्कळ मोठी लागते आणि मळमळ, उलटी, उभे राहताना चक्कर येणे हे त्रास वाढतात. शिवाय बियांतले लेव्होडोपाचे प्रमाण वाण, जमीन आणि शोधनाची (बी शुद्ध करण्याची) पद्धत यांनुसार बदलते, साधारणपणे तीन ते सहा टक्के धरले तरी एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यातल्या चमच्याच्या दुप्पट भरू शकतो. गोळी अचानक बंद केल्यास तर अंग लाकडासारखे ताठणे, तीव्र ताप आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये, अर्धीही करू नये.

मग गोळीच्या जोडीला थोडे चूर्ण घेतले तर?

ते शक्य आहे, पण न्यूरॉलॉजिस्टच्या संमतीने आणि त्यांनी एकूण मात्रेचा हिशेब केल्यावरच. गोळीतले लेव्होडोपा आणि चूर्णातले लेव्होडोपा यांची बेरीज होते. बेरीज जास्त झाली की मान, खांदे, हात आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, कधी नसलेली माणसे दिसू लागतात, आणि घरच्यांना वाटते की आजारच वाढला. 'शक्तिवर्धक' म्हणून किंवा पुरुषांच्या दुर्बलतेवर विकल्या जाणाऱ्या पाकांत आणि चूर्णांतही कवचबीज या नावाने हीच बी असते, त्यामुळे घटकांची यादी वाचल्याशिवाय असा डबा उघडू नये.

गोळी कधी कधी लागूच पडत नाही. त्यात आहाराचा दोष असू शकतो का?

पुष्कळदा असतो, आणि माझ्या मते आयुर्वेदाकडे वळण्याआधी प्रत्येक घराने ही एक गोष्ट तपासली पाहिजे. लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाते ते प्रथिनांच्या घटकांना लागणाऱ्या त्याच दारातून. दूध, डाळ, अंडे, पनीर, शेंगदाणे पोटात असतील तर त्या दारात गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. म्हणून गोळी सामान्यतः जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर घेतात. सुरुवातीला मळमळत असेल तर एखादे मारी बिस्किट किंवा मूठभर लाह्या चालतात, दूध नाही.

एक आजी माझ्याकडे येत. सकाळी आठची गोळी लागू पडत नाही, अकरापर्यंत पदर सावरायलाही हात चालत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यासाठी काही काढा द्यावा असे सुनेचे म्हणणे होते. विचारता विचारता कळले की गोळी कडू लागते म्हणून त्या ती पेलाभर दूध आणि शेंगदाण्याच्या लाडवाबरोबर घेत होत्या. न्यूरॉलॉजिस्टना फोन करून गोळी सातला, नुसत्या पाण्याबरोबर आणि दूध-लाडू पावणेआठनंतर, एवढाच बदल केला. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासमोर ब्लाउजचे हुक एकेक करून स्वतः लावून दाखवले. मी कोणतेही औषध दिले नव्हते.

याच कारणामुळे कवचबीजाचा क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळून केलेला पारंपरिक कल्प, गोळीच्या वेळेला लागून देऊ नये. प्रथिने बंद करण्याचीही गरज नाही. वजन आधीच घटत असते, त्यामुळे डाळी, दही, अंडी हवीतच. काही रुग्णांत त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवण्याचा उपयोग होतो. लोहामुळेही गोळीचे शोषण घटते, म्हणून लोहाच्या गोळ्या, मंडूर किंवा लोहभस्माचे कल्प चालू असतील तर दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

तेलाचा अभ्यंग उपयोगी आहे का? कोणते तेल, किती वेळ?

माझ्या अनुभवात रुग्णाला सर्वांत आधी बरे वाटते ते अभ्यंगाने. ताठरलेले खांदे, पाठ आणि पोटऱ्या सैलावतात, बद्धकोष्ठ असलेल्यांना पोटावरून घड्याळाच्या दिशेने फिरवलेल्या हाताने आराम पडतो आणि घरच्या माणसाचा हात अंगावरून फिरण्याला स्वतःचे एक मोल आहे. तिळाचे साधे तेल पुरते. बलातेल किंवा महानारायण तेल परवडत असेल तर तेही चांगले. वाटीभर तेल गरम पाण्यात ठेवून कोमट करावे, गॅसवर थेट तापवू नये, आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहावा. वेळ गोळीचा परिणाम चांगला असतानाचा निवडावा, म्हणजे कुशीवर वळणे सोपे जाते. रुग्णाला खुर्चीवर किंवा खाली सतरंजीवर बसवावे, हातापायांवर लांब आणि सांध्यांवर गोल हात फिरवावा. वीस ते तीस मिनिटे पुरेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. तळपायांना तेल लावायचे असेल तर ते शेवटी आणि रुग्ण पलंगावर आडवा असताना लावावे, आणि उठण्यापूर्वी बेसन किंवा जाडसर टॉवेलाने पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, खरखरीत होईपर्यंत पुसावेत. या आजारात तोल आधीच डळमळीत असतो. तेलकट पाय आणि न्हाणीघरातली ओली फरशी एकत्र आली की मांडीचे हाड मोडते, आणि त्यानंतरचे दिवस फार वाईट असतात. न्हाणीत प्लॅस्टिकची पक्की खुर्ची, भिंतीला आडवी दांडी आणि तांब्याने पाणी घालायला सोबत माणूस, ही तयारी नसेल त्या दिवशी अभ्यंग करू नये.

पंचकर्म करून घ्यावे का?

सरसकट उत्तर देता येत नाही. केरळमध्ये झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अठरा रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांना आधी शोधन (पंचकर्माने शरीरशुद्धी) आणि मग औषध दिले गेले त्यांना, नुसते औषध दिलेल्यांपेक्षा अधिक गुण आला. दुधातल्या त्या काढ्यात अश्वगंधा, बला आणि खुरासानी ओवा यांच्याबरोबर कवचबीज होते आणि संशोधकांनी मोजले तेव्हा दिवसाच्या मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाले. अठरा जणांवरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही, पण दिशा दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

वातासाठी बस्ती, म्हणजे गुदमार्गाने औषध देणे, ही प्रधान चिकित्सा मानली आहे आणि कमी मात्रेची तेलाची मात्राबस्ती बऱ्याच वृद्धांना सोसते. काढ्याची निरूहबस्ती मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास टाळावी. वमन (औषधाने उलटी करवणे) या वयात आणि या आजारात मी देत नाही. तीव्र विरेचनाने (जुलाबाने) शरीरातले पाणी आणि क्षार घटतात, गोळीमुळे आधीच खालावणारा रक्तदाब आणखी कोसळतो. पेटीत बसवून भरपूर घाम काढण्याचेही तेच. नस्यात (नाकात औषध सोडण्यात) तेल घशात उतरून ठसका लागू शकतो, म्हणून गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना ते देऊ नये. शिरोधारेने (कपाळावर धरलेल्या तेलाच्या धारेने) मन शांत होते, झोप बरी लागते, पण टेबलावरून उतरताना मात्र दोन मिनिटे कडेला बसवून, रक्तदाब मोजून मगच उभे करावे. जिथे रक्तदाब मोजायचे यंत्र नाही आणि रोजच्या गोळ्यांच्या वेळा कुणी लिहून घेतलेल्या नाहीत अशा ठिकाणी, जाहिरात कितीही देखणी असली तरी, रुग्णाला दाखल करू नये.

सर्पगंधेची गोळी झोपेसाठी आणि रक्तदाबासाठी चांगली असते ना?

पार्किन्सनच्या रुग्णाला सर्पगंधा देऊ नये. हा नियम मी कधीच शिथिल करत नाही.

सर्पगंधा हे आपले फार मोठे औषध आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्याविषयी ब्रिटिश नियतकालिकात लिहिल्यावर रक्तदाबासाठी ती जगभर पोहोचली आणि तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. परंतु हेच रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकात सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते जागच्या जागी थिजले आणि लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हालू लागले. पार्किन्सनच्या उपचाराचा मार्ग त्या प्रयोगातून उघडला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या द्रव्याने प्रयोगशाळेत हा आजार निर्माण करून दाखवला, तेच द्रव्य आपण झोपेच्या गोळीतून रुग्णाला देत असतो. माझ्या पाहण्यातले एक काका चार महिने शेजाऱ्याने सुचवलेली सर्पगंधा घनवटी रात्री घेत होते आणि त्यांचे चालणे दर पंधरवड्याला मंदावत होते. घरात कुणी त्या गोळीचा उल्लेख केला नाही, कारण 'ती आयुर्वेदिक आहे' म्हणून ती औषधांत धरलीच नव्हती.

याच ओघात आधुनिक औषधांविषयीही सांगायला हवे. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठीचे सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेले लेव्होसल्पिराइड, यांनीही पार्किन्सनची लक्षणे वाढतात. चिठ्ठीशिवाय ही औषधे घेऊ नयेत.

अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांचे काय?

सौम्य मात्रेत, एका वेळी एकच द्रव्य आणि वैद्याच्या देखरेखीखाली ती देता येतात. अश्वगंधेने गुंगी येऊ शकते, थायरॉइडच्या औषधाचा हिशेब बदलू शकतो आणि क्वचित यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. जटामांसीने झोप येते व रक्तदाब उतरतो, त्यामुळे रात्री क्लोनाझेपाम ही गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र देऊ नयेत. खुरासानी ओव्यापासून वृद्धांनी लांब राहावे, कारण त्याने लघवी अडते आणि भ्रम होतो, विशेषतः प्रोस्टेटची तक्रार असलेल्या पुरुषांना.

सुवर्णाचे, पाऱ्याचे कल्प 'मज्जातंतूंना बळ' देतात असे सांगतात. घ्यावेत का?

मी देत नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक औषधांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्रोक्त भस्म आणि बाजारातली पुडी यांत फरक आहे हे मला मान्य आहे, परंतु तो फरक रुग्णाला डोळ्यांनी दिसत नाही. ज्या आजारात मज्जापेशी आधीच दुबळ्या झाल्या आहेत तिथे हा धोका पत्करण्याचे कारण नाही. परदेशातल्या मुलाकडे जाताना बिनलेबलाच्या पुड्या सोबत नेऊ नयेत, हेही यातच आले.

बद्धकोष्ठासाठी काय द्यावे?

कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून कोठा जड असणारे अनेक रुग्ण असतात, आणि कोठा साफ नसेल तर गोळीही नीट लागू पडत नाही. दिवसभरात पुरेसे पाणी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका आणि रात्री चमचाभर तूप कोमट पाण्यातून, येथून सुरुवात करावी. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच द्यावा आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना देऊ नये. त्रिफळा रात्री सोसते. एरंडेल आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक, रोज नको.

चूर्ण आणि काढा घेताना ठसका लागतो. काय करावे?

कोरडे चूर्ण तोंडात टाकून वर पाणी पिणे ही आपली जुनी पद्धत या आजारात धोक्याची आहे. चूर्ण मधात किंवा तुपात चाटणासारखे कालवून, थोडे थोडे, बसवून आणि हनुवटी किंचित खाली घेऊन द्यावे. पातळ काढ्याने ठसका लागत असेल तर तो देण्याचा आग्रह सोडावा. आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो, त्याने झोक जाण्याची शक्यता वाढते. वारंवार ठसका, जेवताना आवाज घोगरा होणे किंवा ताप येणे ही लक्षणे दिसली तर गिळण्याची तपासणी लगेच करून घ्यावी.

न्यूरॉलॉजिस्ट रागावतील म्हणून आयुर्वेदिक औषधाचे सांगत नाही. चालेल का?

चालणार नाही. एक साधी दोनशेपानी वही करावी. डाव्या पानावर गोळ्यांच्या वेळा, जेवणाच्या वेळा आणि कोणत्या तासाला अंग सैल होते, कोणत्या तासाला थिजते. उजव्या पानावर प्रत्येक चूर्ण, तेल, काढा, कुणी दिला आणि कधी सुरू केला, आणि डब्यावरची घटकांची यादी. एका वेळी एकच नवीन औषध सुरू करावे व निदान दोन आठवडे दुसरे काही बदलू नये, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. महिन्यातून एकदा त्याच वहीत रुग्णाकडून तारीख आणि सही लिहून घ्यावी. या आजारात अक्षर बारीक होत जाते, आणि मागच्या महिन्यांच्या सह्या एकाखाली एक पाहिल्या की दोन्ही डॉक्टरांना पुष्कळ काही न विचारता समजते. ती वही दोन्हीकडे न्यावी, आणि माझ्याकडे येताना विसरली तर मी परत पाठवते.